मागचं डावं दार

३ नोव्हेंबर
आली! पद्मिनी एकदाची खालाच्या अंगणात आली, मैंदर्गीहून टेम्पोवर चढून. कुर्डुवाडी सोडून सोलापुरात डिप्लोमाला आले त्याला चार महिने झाले. आज पहिल्यांदा हे गाव माझं वाटलं. मी सतरा वर्षांची, गाडी चाळिशी ओलांडलेली. कागद खालूंच्या, म्हणजे खालाच्या नवऱ्याच्या नावावर, पण गाडी माझी. अब्बा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, त्यामुळे पाढ्यांच्या आधी मी पाने ओळखायला शिकले. माजिदाखाला म्हणाली, लोकांच्या पोरी मेंदी लावतात, आमची मेहनाज ग्रीस. तिची सहा वर्षांची झीनत मात्र आल्या आल्या बॉनेटवर चढून बसली.

६ नोव्हेंबर
कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलले. मागचं डावं दार काही उघडेना. नीट पाहिलं तर चारही बाजूंनी वेल्डिंग मारून बंद केलेलं, वर रंग फासलेला. इतकं गबाळं काम! गाडी विकणाऱ्या चनमल्लप्पांना फोन केला, तर म्हणाले, तीन दारं चालतात की, चौथं कशाला? आणि फोन ठेवला. गल्लीच्या तोंडाशी डेंटिंगचं दुकान आहे ते मल्लप्पामामा आले. दाराला हातसुद्धा न लावता म्हणाले, हे सोडून बाकी सगळं करून देतो. म्हातारा कामचुकार आहे, असं मी ठरवून टाकलं. आपला हात जगन्नाथ.

९ नोव्हेंबर
ग्राइंडरने वेल्डिंग कापलं. तासाभराचं काम. दार उघडलं तशी भर उन्हात आतून गार हवा आली. सीटवर लहान मूल बसलं की पडतो तेवढा खड्डा होता. बघता बघता तो भरून आला. स्प्रिंग अडकली असणार. झीनतने विचारलं, तो मुलगा उतरून कुठे गेला?
तिला चॉकलेट देऊन घरात पाठवलं.

११ नोव्हेंबर
उघडं दार पाहून मल्लप्पामामा ओट्यावरच बसले, पाणी मागितलं. मग सांगितलं. चनमल्लप्पांचा नातू उन्हाळ्यात या गाडीत अडकला, काचा बंद, त्याच सीटवर गेला. दार मामांनीच, तेव्हा मैंदर्गीत कामाला असताना, सांधलं होतं. जुन्या ड्रायव्हर लोकांची रीत आहे: ज्या जागी माणूस गेला ती जागा त्याचीच ठेवायची, उतरू द्यायचं नाही.
मी हसले. ते हसले नाहीत.
"पोरी, तू त्याला उतरवलंस. शीट रिकामी ऱ्हात न्हाय. कुनीतरी बसंपर्यंत बोलवत ऱ्हाती."

१४ नोव्हेंबर
झीनत शाळेतून आली की दप्तर टाकून थेट गाडीकडे. आज दार दोरीने बांधलं. भीती वाटते. लिहायला लाज वाटते, पण वाटते.
मामांना म्हटलं, पुन्हा सांधून टाका, पाया पडते. ते म्हणाले, रिकाम्या सीटच्या दाराला टाका धरत नाही. एक मारून दाखवला. गळून पडला.

१६ नोव्हेंबर
दोरी सुटलेली. माझी गाठ सहा वर्षांच्या बोटांना सुटणारी नाही.
झीनत म्हणाली, "आपा, सीट बुलारी मेरेकू."
खालाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अभ्यासाला बस. भंगारवाला उद्या संध्याकाळी गाडी नेणार. उद्या. तोवर नजर हलवायची नाही.

१७ नोव्हेंबर, दुपार
पाणी प्यायला गेले. दोनच मिनिटं—
झीनत आत आहे. चारही दारं बंद. हातोडा मारला, काचेला ओरखडा नाही. तिचे ओठ सुकलेत. खाला किंचाळतेय. चूक माझी, मी उघडलं, मी—

१७, नंतर
उजवं दार उघडलं. फक्त मला. झीनतला उचललं, तिच्या जागी बसले, तसं डावं उघडलं. ढकललं तिला. रडतेय. म्हणजे बरी आहे.
उठता येत नाही.
वही खिशात होती. दार लागलं.
खाला तिला घेऊन घरात पळाली. मागे पाहिलं नाही. राग नाही. थोडा आहे.
मल्लप्पामामा येताहेत. हात हलवला. ते वर बघत नाहीत. वेल्डिंग मशीनची वायर ओढत आणली—
तोंडावर काळी काच घेतली—
मामा, मी जिवंत आहे, मी अजून