कुठल्या प्रश्नाचं 'नाही'

३ मार्च, सोमवार

सरासरी! सरासरी! सरासरी! साहेबांच्या तोंडून आज हा शब्द इतक्यांदा ऐकला की कान किटले.

काम सरळ होतं. आपली सगळी यंत्रणा जुन्या कंपनीच्या क्लाउडवरून उचलून नव्या, स्वस्त कंपनीच्या क्लाउडवर न्यायची आहे. दवाखान्यात डॉक्टर, समोर ऐकू न येणारा पेशंट, आणि पडद्यावर दोघांच्या मधली दुभाषी, खुणांच्या भाषेत बोलणारी. हाच आपला धंदा. "नेण्याआधी दोन्हीकडची लेटन्सी मोज," साहेब म्हणाले. म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते. मोजलं. दोन्ही कंपन्यांच्या जवळच्या रीजनपर्यंत, म्हणजे जिथे त्यांचे सर्व्हर असतात तिथपर्यंत, लांबच्या रीजनपर्यंत, दिवसभर, थेट दवाखान्यांतून. जुनी कंपनी चाळीस मिलिसेकंदांच्या आसपास, सकाळ असो की संध्याकाळ. नवी सकाळी पस्तीस! आणि दुपारी चारशे, पाचशे, मधेच काहीच नाही. चित्र गोठलेलं.

साहेबांनी कागद चाळला. "सरासरी काय येते?"

"नव्वद. पण साहेब, दुपारी—"

"नव्वद चालतंय की! पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो."

साहेब दोन डबे खाऊन ढेकर देणार, मी उपाशी बसणार — सरासरीने दोघंही जेवलो!

४ मार्च, मंगळवार

कारण सापडलं. दवाखान्यांना इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि ही नवी क्लाउड कंपनी इथे एकमेकींना जोडलेल्याच नाहीत. सकाळी कुठल्यातरी तिसऱ्याच्या वाटेने निभावतं. दुपारी ती वाट तुंबली की सगळं समुद्रापलीकडे जातं, तिथे दोघींची गाठ पडते, मग परत. शेजारच्या गल्लीत जायला जगप्रदक्षिणा! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

शेजारच्या टेबलावरच्या चष्म्याला दाखवलं. माझ्याच हुद्द्याचा, माझ्याच वर्षी लागलेला. "बरोबर आहे तुझं," हळूच म्हणाला. मग मीटिंगमध्ये बोलशील का? तर चष्मा काढून पुसायला लागला. पूस! भिंगं झिजेपर्यंत पूस!

६ मार्च, गुरुवार

नव्या कंपनीचा विक्रीवाला आला. इतका गुळगुळीत की हात मिळवला तरी निसटतो. त्याच्या तक्त्यावर सगळं हिरवंगार.

"मॅडम, आमच्या मोजणीत असं काही दिसत नाही."

"कुठून कुठे मोजलंत?"

"आमच्या एका डेटा सेंटरमधून दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये."

म्हणजे हे स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेले, आणि म्हणे रस्त्यावर गर्दी नाही! तसंच मी म्हणाले त्याच्या तोंडावर. तो हसला. साहेबांनी मात्र असं बघितलं, जणू मी पाहुण्याच्या अंगावर गरम चहा सांडला.

७ मार्च, शुक्रवार

माझा अहवाल वर गेला. दुपारचे आकडे गायब. खाली नाव माझंच!

१० मार्च, सोमवार

पाच दवाखान्यांत नव्या क्लाउडची वाट सुरूही करून टाकली. "चाचणी म्हणून." मला एका शब्दाने विचारलं नाही. कुठले पाच, म्हटलं, तर साहेब म्हणतात, "ते तुझ्या शेजारच्या टेबलावरचा बघतोय. तू जरा शांत हो."

शांत हो! आग लावायची यांनी आणि धूर आला तर नाक माझं दाबायचं. संध्याकाळी भांडी घासताना कपाचा कान तुटून हातात आला. कपाचा काय दोष?

१२ मार्च, बुधवार

अक्षर वाईट येतंय. येऊ दे.

दुपारी वहिनीचा फोन. दादाचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. त्याआधी डॉक्टरांशी बोलायला दोघं दवाखान्यात गेले होते. वहिनीला खुणा येतात, पण दादाचा नेहमीचा हट्ट — पेशंट मी आहे, बायकोने मधे बोलायचं नाही, मी दुभाषीमार्फत बोलेन. लहानपणापासून असाच. ऐकू येत नाही म्हणून कुणी त्याच्या वतीने उत्तर दिलं की पाठ फिरवायचा.

डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या औषधाची ऍलर्जी आहे का. पडदा अडकला. दुभाषीचे हात हवेत तसेच. उत्तर येईना म्हणून डॉक्टर पुढच्या प्रश्नावर गेले — रक्त पातळ करणारी गोळी घेता का? तेवढ्यात आधीच्या प्रश्नाचं दादाचं उत्तर पोचलं. नाही. डॉक्टरांनी नाही लिहून घेतलं!

दोन वर्षांपूर्वी दादाच्या हृदयात स्टेंट घातला. तेव्हापासून रोज घेतो ती गोळी. ती चालू असताना पोट उघडलं असतं तर रक्त थांबलं नसतं! वहिनी दारातून ओरडली म्हणून. "अहो डॉक्टर, घेतात की! रोज घेतात!" नाहीतर?

ती फोनवर रडत होती आणि मला एकच दिसत होतं — ते पाच दवाखाने. दादाचा त्यातलाच. नाहीतर असं झालंच नसतं!

१३ मार्च, गुरुवार

दार न वाजवता साहेबांच्या केबिनमध्ये गेले. विक्रीवाला बसलेला. बरंच झालं, म्हटलं, दोघं एका खोलीत सापडले.

"बसा," साहेब म्हणाले.

"बसणार नाही. काल माझ्या सख्ख्या भावाचा जीव तुमच्या सरासरीत बसत नव्हता."

मग सगळं सांगितलं. प्रश्न, अडकलेले हात, नाही, गोळी. आवाज किती चढला मला माहीत नाही. बाहेरचे सगळे उभे राहून बघत होते म्हणे. विक्रीवाला म्हणाला, "एका घटनेवरून मॅडम—" मी म्हटलं, "तुमच्या आईचं ऑपरेशन असतं तर किती घटना लागल्या असत्या?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच ठेवला. चेहरा पांढरा पडलेला. त्यांनाही कुणीतरी असेलच की. मग फोन उचलून म्हणाले, "नवीन वाट बंद करा. पाचही दवाखाने परत जुन्यावर घ्या. आत्ता."

जिंकले. रडू मात्र जिन्यात आलं, रागाचंच.

१४ मार्च, शुक्रवार

लेखी मिळालं — जुन्याच वाटेवर राहायचं. चष्म्याने अभिनंदन केलं. काहीतरी बोलायला थांबला होता, मी बोलू दिलं नाही. आता कशाला तोंड उघडतोस?

१७ मार्च, सोमवार

काल दादाला सांगायला गेले. मोठ्या तोऱ्यात, हात नाचवत — तुझ्यासाठी भांडले, नवी वाट बंद पाडली! मग त्याचे हात सावकाश हलले. "नवीन काय? नेहमी असंच होतं. दुभाषीबाई आपापल्या घरून बोलतात, त्यांचं नेट अडकतं. हात थांबले की आम्ही सगळे मान डोलवतो. डॉक्टर वैतागू नयेत म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

आज चष्म्याकडून पाच नावं घेतली. दादाचा दवाखाना त्यात नाही. तो जुन्याच वाटेवर होता. माझ्या चाळीस मिलिसेकंदांच्या वाटेवर.