लाल शिडाची नाव

२ जानेवारी

समुद्रावर जायचं म्हणे! ऐन थंडीत! लोक उन्हाळ्यात जातात समुद्रावर. आणि ढब्याला मेला आत्ताच आईचा पुळका —

ढब्या म्हणजे माझा एकुलता एक लेक. आता त्रेचाळीसचा आहे, वाळून काडी झालाय, पण नाव चिकटलं ते चिकटलं. घरांचे नकाशे काढतो. सुट्टी घ्यायची म्हणजे त्याच्या जिवावर येतं. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अर्धा दिवस आला होता, तोही मोबाइल कानाला लावून. आणि आज फोनवर काय गोड! "आई, आठवडाभर जाऊ. चालू, सायकल चालवू, पक्षी बघू." मी म्हटलं, पक्षी माझ्या खिडकीतही येतात. तर म्हणे, "तिथले वेगळे गं."

मग सूनबाईने फोन घेतला. "या ना आई, तुमच्याशिवाय मजा नाही." माझ्याशिवाय मजा नाही! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

कुठंतरी पाणी मुरतंय. तळमजल्यावरच्या बाईंचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्यांनाही मुलाने आधी असंच फिरायला नेलं, लाड केले, शाल घेतली. मग आज वार कुठला, हे चित्र कशाचं, मघाशी मी काय म्हणालो — असं काहीबाही विचारलं. बाई वार चुकल्या. महिनाभरात वृद्धाश्रमात! फ्लॅट विकूनसुद्धा झाला. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हे.

माझं घर माझ्या पगारातून झालंय. उभं आयुष्य शर्टांच्या कारखान्यात चेकर होते — कॉलर, काज, बटण, शिवण. दोनच खोल्या आहेत, पण माझ्या आहेत. इथून मी आडवीच निघणार.

जाणार आहे मात्र. बेत काय आहे तो तरी कळेल.

४ जानेवारी

पोचलो. गाडी सूनबाईने चालवली! सबंध रस्ता! ढब्या एरवी तिला किल्लीला हात लावू देत नाही. ती चालवायला बसली की याचा पाय आपोआप ब्रेक दाबतो. आज शेजारी शहाण्यासारखा बसून होता. मी विचारलं, "काय रे, आज राजेसाहेब?" तर म्हणे, "हिला सराव हवा." आणि तिने रिकाम्या रस्त्यावर उगाच हॉर्न वाजवला. धागा सुटलेला दिसला की मी ओढून बघते, सवयच आहे. पण गाडीत काय ओढणार.

भाड्याचं घर आहे. खाली एक खोली, वर एक. वरची मला दिली — मोठी खिडकी, समोर सगळा समुद्र. खालच्या खोलीला भिंतीशिवाय काही दिसत नाही. म्हटलं, तुम्ही घ्या वरची, तुम्ही तरुण. दोघं एका सुरात, "नको नको, तुम्हालाच!" इतकं चांगलं वागणं बरं नव्हे.

वारा असा की कानाची पाळी गळून पडेल. पण हवा स्वच्छ. किनाऱ्यावर कुत्रंसुद्धा नाही.

५ जानेवारी

झालं, परीक्षा सुरू!

सकाळी पाण्याच्या कडेने चालायला गेलो. ओली वाळू घट्ट असते, बरं वाटतं पायांना. ढब्याने माझा दंड धरला. मी काय पडणार आहे? सोडवून घेतला तर पुन्हा धरला. पुढे एक पाटी होती. "आई, काय लिहिलंय गं तिच्यावर?" मी वाचलं — भरतीच्या वेळी खडकांवर जाऊ नये. "आणि खाली, बारीक?" खालचं बारीकही वाचलं. ऑपरेशन झाल्यापासून माझी नजर घारीची आहे, कर म्हणावं काय करायचं ते!

मग पक्षी. "तो कुठला? रंग कसा आहे? चोच?" मी म्हटलं, तुला दिसत नाही का? तर हसला. "तुझ्याकडून ऐकायचंय." वा रे वा. शाळेत तोंडी परीक्षेला बाई असंच म्हणायच्या.

चहाच्या टपरीवर बसलो तर कार्ड माझ्यासमोर सरकवलं. "वाच बरं, काय काय आहे." सूप, टोस्ट, ऑम्लेट, उकडलेली अंडी — सगळं वाचलं, किमतींसकट. सूनबाई माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती.

आणखी एक. ढब्या बोलताना माझ्या नजरेला नजर देत नाही. माझ्या कानाकडे बघून बोलतो. लहानपणी खिडकीची काच फोडली होती तेव्हा असाच जमिनीकडे बघून बोलत होता. चोराच्या मनात चांदणं!

६ जानेवारी

नाश्त्याला विचारलं, "आज तारीख काय गं?" सांगितली. वारासकट. वर म्हटलं, उद्याचीही सांगू का?

७ जानेवारी

आज सायकल. साधी नाही — दोघांची, जोडसायकल! भाड्याने मिळते. मला वाटलं ढब्या पुढे बसणार. तर म्हणे, "तू पुढे. हँडल तुझ्याकडे." या वयात! मी तोल जाऊन पडले की झालं, पुरावा तयार. सूनबाई म्हणाली, "आई, नको असेल तर राहू दे हं." म्हणजे माघार घेतली तरी पुरावाच!

बसले. कारखान्यात पावसापाण्यातून सायकलनेच जात होते, विसरतात पोरं.

खोटं कशाला लिहू — मजा आली. किनाऱ्याच्या बाजूने सपाट रस्ता आहे, एकीकडे वाळू, दुसरीकडे झाऊची झाडं. ऊन कोवळं, वारा पाठीवर. सुरुवातीला हँडल लटपटलं, मग जमलं. मागून ढब्या पायडल मारत होता आणि सारखा विचारत होता. आता काय आलं? वळण आहे का? पाणी कुठल्या रंगाचं आहे? मीही सांगत गेले. जाळी दुरुस्त करणारा कोळी. उलटी करून ठेवलेली होडी, खाली झोपलेलं मांजर. लाल लोकरी टोपी घालून पळणारा जाडा माणूस. ढब्या खळखळून हसला, "अजून सांग, अजून!" कितीतरी वर्षांनी असा हसला. क्षणभर सगळं विसरले.

उतरल्यावर सूनबाईने त्याला हळूच विचारलेलं ऐकलं — "आईंना कधी सांगायचं?" तो म्हणाला, "दोन दिवस जाऊ दे. एवढी खुशीत आहे."

बघा! मी काही दुधखुळी नाही. बकऱ्याला आधी चारा घालतात.

८ जानेवारी

आज मीच खडा टाकून पाहिला. टाकायला नको होता असं आता वाटतंय.

दुपारी सूनबाई पाव आणायला गेली. आम्ही दोघं बाकावर, मध्ये थर्मास. ढब्याने माझ्या कपात चहा ओतला, निम्मा बाकावर. लक्ष कुठे होतं कोण जाणे. समोर समुद्र लख्ख रिकामा. नाव नाही, पक्षी नाही, काही म्हणता काही नाही. त्याचं नेहमीचं सुरू झालं, "काय दिसतंय आई?" मनात म्हटलं, थांब बेट्या, आता तुझी परीक्षा.

म्हणाले, "त्या बघ तीन नावा चालल्यात. मधलीचं शीड लाल आहे. चांगलं कुंकवासारखं लाल."

मला वाटलं होतं, तो चमकेल. म्हणेल, आई, कुठे आहेत नावा? मग मी हसणार होते. म्हणणार होते, पकडलं की नाही, मला तपासतोस काय! मग काय ते भांडण होऊन जाईल, मोकळं होईल सगळं.

त्याने मान जराशी तिरकी केली. बराच वेळ बघत राहिला. आणि म्हणाला, "हो गं. काय सुरेख दिसतेय ती मधली!"

वेड लागलेल्या माणसाशी असंच बोलतात ना? तळमजल्यावरच्या बाई शेवटी शेवटी म्हणायच्या, दारात आमचे हे उभे आहेत. ते तर कधीच गेलेले! आणि त्यांचा मुलगा म्हणायचा, हो आई, आहेत हं. माझ्या पोराने मला त्या यादीत घातलंसुद्धा! वाद नाही, प्रश्न नाही. नुसतं "हो गं".

सूनबाई आली तेव्हा त्याने तिला आनंदाने सांगितलं — तीन नावा गेल्या, मधलीचं शीड लाल, आईने दाखवली. तिने समुद्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी कीव! मला चीड आली. म्हटलं, थंडी वाजतेय, चला.

जेवण गेलं नाही.

९ जानेवारी

आज ओहोटीला खडकांवर गेलो. खळग्यांत पाणी साचून राहतं, त्यात बारके खेकडे, शंख, काहीबाही. गुडघे टेकून बघण्यासारखं असतं. दुसऱ्या कोणाबरोबर आले असते तर लहान पोरीसारखी रमले असते.

आज ठरवलं होतं, कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. "आई, या खळग्यात काय आहे?" माहीत नाही. "हा शंख कुठल्या रंगाचा?" तूच बघ. "पाणी लांब गेलंय का?" मला काय विचारतोस?

तो बाही दुमडून खळग्यात हात घालून चाचपत बसला, त्या गार पाण्यात. एकेक दगड, एकेक शंख बोटांनी फिरवून बघत होता. बोटं लाल झाली तरी हात काढेना. तान्हा होता तेव्हा माझं तोंड असंच चाचपायचा. जीव तुटला. पण लगेच सावरले. म्हटलं, हीच वेळ असते फसायची.

परतताना तो मागे राहिला. सूनबाई माझ्या जवळ येऊन म्हणाली, "आई, रागावू नका ना त्यांच्यावर. निदान इथे असेपर्यंत." म्हणजे इथून गेल्यावर रागावण्यासारखं काहीतरी आहे!

बास झालं. उद्या सकाळी चहाच्या आधी तोंडावर विचारणार. ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे. घर माझं आहे, सही माझी लागेल, आणि ती मी देणार नाही. लेक असला म्हणून काय झालं! रडायचं नाही, एवढंच जमलं पाहिजे.

१० जानेवारी

त्याला दिसत नाही.

मी विचारलं, "मला घरातून काढायचंय का?" तो बघतच राहिला, माझ्या कानाकडे. म्हणाला, "कुठल्या घरातून? आई, मला दिसेनासं झालंय गं." नजरेच्या मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं उरलंय, तेही जाणार. कानाकडे बघितलं की माझा चेहरा थोडासा दिसतो, म्हणून कानाकडे बघतो! मला सांगायचं त्याला धाडस होईना. "म्हटलं, आहे तेवढ्यात समुद्र बघून घेऊ. तुझ्याबरोबर. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

काही सुटत नाही!

मग म्हणाला, "बाकी सगळं तू सांगितलंस म्हणून कळलं. पण ती लाल शिडाची नाव मात्र मला खरीच दिसली हं."

सूनबाई मला आत गाठून म्हणाली, "नावा नव्हत्या, मी पाहिलं होतं. मला वाटलं तुम्हाला कळलंय, आणि यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही…" मी तिच्या गळ्यात पडले. दुसरं काय करणार?

दुपारी त्याला बाकावर नेलं आणि सांगून टाकलं. नाव नव्हती रे, बाळा. एकही नव्हती. मी तुला फसवत होते. माझ्याकडून खोटं ऐकायची त्याला सवय नाही. त्याने माझा हात चाचपून धरला. म्हणाला, "बरं. आज काय आहे?"

डावीकडून सुरुवात केली, शर्ट तपासायचे तशी. खडक. करडं पाणी. त्याच्यावर ऊन. नाव एकही नाही.