सगुणाचा कौल

६ मार्च १९२७

देवाने नाही म्हटलं! गुरं पटापट मरताहेत, सगुणाची नजर लागते असं गाव म्हणतं, म्हणून आज संध्याकाळी देवळात कौल लावला. आत्माराम गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना पाकळ्या डकवून विचारलं — सगुणा गावात राहिली तर चालेल? डावी आधी गळली. म्हणजे शिमग्याआधी तिने गाव सोडायचं. पहिला मानकरी मी, तेव्हा निरोपही मीच द्यायचा.

सगुणा म्हणजे माझ्या हवालदार भागोजीची बायको. तो बसऱ्याच्या लढाईत माझ्या शेजारीच पडला.

बावीस वर्षं पलटणीत काढली. वरून सांगितलं ते केलं. सायबाला कधी ‘का’ विचारलं नाही, मग देवाला कसं विचारू?

७ मार्च

निरोप दिला. विहिरीवर होती. कळशी खाली ठेवून म्हणाली, "सुभेदारांनू, देवान सांगितलान, का आत्मारामान?"

देवाबद्दल असं बोलतात? चिडून निघून आलो. घरी बायको, राही, म्हणाली, "एकट्या बाईवर कसला हो पराक्रम!" तिच्यावरही ओरडलो. जेवण गेलं नाही.

८ मार्च

मुंग्या!

देवाच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची रांग. डाव्यावर एकही नाही. आत्माराम आळशी, देवाला दोन दिवस पाणी घातलेलं नाही, म्हणून दिसलं तरी! बोट लावून चाटलं — गूळ. गुळाच्या पाण्याने डकवलेली पाकळी कशाला गळतेय!

आत्मारामाला धरला. त्याने पायच धरले. "आप्पा खोतांना तिची विहीर हवी हाय..."

गुरव लबाड म्हणून देव लबाड होत नाही. कबूल. पण तो तिथेच होता ना? मग गप्प का बसला? लढाईत याचंच नाव घेऊन मी पोरांना पुढे काढलं होतं. फार राग आलाय. कुणाचा ते धड कळत नाही.

१० मार्च

आत्माराम चारचौघांत कबूल व्हायचा नाही. आप्पांना भितो. ठीक! देवालाच परत विचारतो.

१२ मार्च

विचारलं. सारा गाव सभामंडपात. आत्माराम उंबऱ्याबाहेर, गाभाऱ्यात ओलेत्याने मी एकटा. खांदे घासून धुतले. साधं पाणी, सारख्या पाकळ्या. आप्पा बाहेरून ओरडले, "आटपा, सुभेदार!"

मी हाक दिली — "उजवा कौल! सगुणा राहणार!"

आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं. बायांनी सगुणाला मधे घेतलं. ती रडत होती. राहीने आज गोड केलं.

१३ मार्च

इथे तरी खरं लिहावं. डावीच गळली होती. पाणी साधं, लबाडी कुणाची नाही — आणि डावी! मी ती मुठीत दाबली आणि उजवा म्हणून ओरडलो.

देवा, काय शिक्षा करायची ती मला कर. तिच्या वाटेला जाऊ नकोस.