लांब बासरीचं कार्ड

काका, तुमची लांब बासरी रिक्षात हरवली नव्हती. ती माझ्याकडे होती. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि ही सगळी वर्षं ती माझ्या अंधेरीच्या घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. तुम्हाला हे नव्याने सांगायला नको, तुम्हीच ती माझ्या हातात दिली होती. ठाऊक नव्हतं ते तुमच्या मुलीला. तिला वाटत राहिलं की बासरी तिच्या हलगर्जीपणामुळे गेली, आणि मी तिला तसं वाटू दिलं. एका वाक्याचं काम होतं. ते मला अठरा वर्षं जमलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी ती माझ्याकडे आली होती. तुमची गोरेगावची चाळ पाडून तिथे टॉवर होतोय. तिचं घर बोरिवलीला, आणि काकी गेल्यापासून तुमची खोली बंदच होती. सामान आवरताना तिला माळ्यावर पत्र्याचा बिस्किटांचा डबा सापडला, तो घेऊन रविवारी सकाळी ती माझ्या दारात उभी. "दादा, ही बाबांची बासऱ्यांची कार्डं. मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच ठेवा." मी विचारलं, "वाचलीस का गं?" तर म्हणाली, "नाही हो. पहिलंच कार्ड काढलं, बाबांचं अक्षर दिसलं आणि वाट लागली माझी. परत दोरी बांधून ठेवली." मग चहा पिताना, दर वेळी म्हणते तसं, म्हणाली, "ती लांब बासरी असती ना, तर कार्डांबरोबर काचेत लावली असती. माझं मेलीचं लक्ष नव्हतं रिक्षात." मी फडकं घेऊन टीपॉय पुसायला लागलो. त्यावर काही सांडलेलं नव्हतं.

ती कार्डं मुळात माझ्याच हातची, हे तुम्हाला आठवत असेल. तेविसाव्या वर्षी मी एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टोअरला लागलो, तेव्हा तुम्ही तिथले, लेथ चालवणारे सगळ्यात जुने टर्नर होतात. खिडकीशी येऊन हत्यारं मागायचात आणि मला नावाने एकदाही हाक मारली नाहीत. मी आपला 'स्टोअर'. आमच्याकडे प्रत्येक मशीनचं एक छापील हिस्टरी कार्ड असायचं. कधी बसवलं, काय बिघडलं, का बिघडलं, काय उपाय केला, ऑपरेटर कोण. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही शेडच्या मागे बासरी वाजवायचात, आणि मी डबा घेऊन तिथेच बसायला लागलो होतो. एक दिवस तुम्ही माझ्याकडे कोऱ्या कार्डांचा गठ्ठा मागितलात. कशाला, विचारलं तर म्हणालात, "मशीनचो इतिहास लिवतत, मगे बासरीचो कित्याक नाय?" छापलेला 'मशीन' शब्द खोडून वर 'बासरी' लिहिलंत, आणि व्हर्नियर कॅलिपर लावून छिद्रांची मापंसुद्धा टिपून घेतलीत. मिलिमीटरचे दशांश आणि भैरवी यांचा काय संबंध, असं मनात येऊन मला हसू आवरेना. महिन्याभराने तुम्ही माझ्या हातात एक आखूड बासरी आणि एक कोरं कार्ड ठेवलंत. बासरी भेट होती, कार्ड ही अट होती. मी भारावून 'गुरुजी' म्हणायला गेलो तर भडकलात. "माका गुरुजी म्हणू नको हां. मी टर्नर." तेव्हापासून तुम्ही काका.

आज माझ्याकडे स्वतःची चौतीस कार्डं आहेत. तुमची मुलगी घरी परतल्यावर मी ती सगळी काढून लादीवर मांडली. तिसऱ्या बासरीवर मी घाटकोपरला मावसबहिणीच्या लग्नाच्या गडबडीत सरळ बसलो होतो. सातवी कारखाना बंद झाल्यानंतरच्या ऑफिसात, एसीच्या गार झोतात तडकली. अकरावी जुहूला वाळूत टेकवून ठेवली, मनसोक्त भेळ खाल्ली आणि घरी आलो. ती कुठल्या बंदराला लागली देवाला माहीत. आणि त्यात ती पाच कार्डंही आहेत, ज्यांवर मी ऐटीत 'बिघाड: बेसूर' लिहून नवी बासरी घेतली होती. तुम्ही त्या पाचही बासऱ्या मागवून घेतल्यात, माझ्यासमोर ओळीने वाजवल्यात, आणि पाचही सुरात होत्या. "मेल्या, बासरी कशाक बदलतंस? आधी फुंक बदल." मला इतका राग आला की दोन आठवडे तुमच्याकडे फिरकलो नाही. मग मुकाट्याने आलो. त्या पाचांतल्या चार अजून वाजतायत. लिहून ठेवायला लागलं की माणसाला स्वतःला फार फसवता येत नाही, हे तुम्हाला मशीनवरून कळलेलं होतं. म्हणूनच असेल, लांब बासरीचं कार्ड मी माझ्याकडे कधी केलं नाही.

ती झाली तो दिवस मला आत्ता समोर दिसतोय. मध्ये गाठ नसलेला एवढा लांब आसामचा बांबू मिळावा म्हणून तुम्ही किती थांबलात, आणि मिळाल्यावर वर्षभर तो माळ्यावर सुकवलात. तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याशी तुम्ही उभे आहात, गॅसवर सळई लाल होतेय, मी बांबू घट्ट धरलाय. सळई टेकली की चर्र होतं आणि धुराचा वास कुळथाच्या पिठीत मिसळतो. काकी परात घेऊन ताटकळलेल्या. "गॅसार मी भाकरी भाजू काय तुमचो बांबू?" तुम्ही म्हणता, "आज बांबू." काकी तोंड वळवून हसतात. शेवटचं छिद्र झाल्यावर तुम्ही ती ओठांना लावता आणि एकच खालचा सा धरता, इतका वेळ की शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहतात. काकींनी त्यानंतर भाकऱ्या भाजल्या, आणि आपण दोघं त्या बासरीबद्दल एक अक्षर न बोलता जेवलो. मला त्या दिवशी तुमचा हेवा वाटला होता. तोही मी कुठे नोंदवलेला नाही.

मग पुढे कधीतरी तिला तो बारीक तडा गेला, फुंकेच्या छिद्रापासून चार बोटांवर. दोरा गुंडाळला की भागणार होतं. तुम्ही मला बोलावलंत आणि म्हणालात, "माझे हात आता थरथरतत रे. तू गुंडाळ. तीन दिवसांत हाडून दी." तुमचे हात थरथरतात हे तुम्ही पहिल्यांदा मला सांगितलंत, आणि मी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. माझं सगळं लक्ष बासरीकडे होतं. दोरा गुंडाळणं एका संध्याकाळचं काम. ते मी पहिल्याच संध्याकाळी केलं. मग नीट बसलाय का बघायला वाजवली. मग रोजच वाजवली. तो खालचा सा माझ्या खोलीत, माझ्या फुंकेने निघतोय, हे सुख सोडवेना. तीन दिवसांचे नऊ झाले. उद्या देऊ, उद्या देऊ. नवव्या दिवशी तुम्हाला झटका आला.

वाचा गेली, उजवा हात गेला. डाव्या हाताची बोटं मात्र चादरीवर हलत होती आणि तुम्हाला बासरी हवीय हे तुमच्या मुलीला बरोबर कळलं. ती तशीच गोरेगावला धावली, बासऱ्यांची पिशवी खांद्याला लावून रिक्षाने परत आली. एकेक बासरी काढून तुम्हाला दाखवली. तुम्ही प्रत्येकीला मान हलवून नाही म्हणालात. मी संध्याकाळी ऑफिसातून पोचलो तर ती हॉस्पिटलच्या जिन्यात रडत बसलेली. "दादा, पिशवीचं तोंड उघडं होतं हो. ती लांबवाली रिक्षात पडली. बाबा तीच मागतायत." तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं की तीन दिवस केव्हाच उलटलेत आणि मी ती घरी वाजवत बसलोय. मनात म्हटलं, सकाळी घेऊन येतो, मग सावकाश सांगतो. मी आत आलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग माझ्या रिकाम्या हातांकडे, आणि चादरीवरची बोटं थांबली. तुम्हाला ठाऊक होतं ती कुठे आहे. पहाटे फोन आला.

त्यानंतर किती वेळा ठरवलं. तेराव्याला ठरवलं. तिच्या मुलाच्या बारशाला ठरवलं. दरवर्षी तिच्याकडे गणपतीला जेवायला बसलो की पहिल्या घासाला ठरवायचो आणि सुपारी तोंडात टाकून निघायचो. जितके दिवस जात तितकं अवघड होत होतं. पहिल्या आठवड्यात ती चूक होती, पहिल्या वर्षानंतर ती लबाडी झाली, आणि पुढे पुढे तर मलाच खरं वाटायला लागलं की बासरी सांभाळून मी तुमची सेवा करतोय. दर महिन्याला तेल लावत होतो ना! माणूस स्वतःला किती छान समजावतो.

मी डब्याची दोरी सोडली, त्यात तुमची बावीस कार्डं निघाली. लांब बासरीचं सगळ्यात शेवटी होतं. त्यावर तुमचं शेवटचं वाक्य आहे, अक्षर ओळीवरून घसरलेलं. "बारीक तडा. दोरा गुंडाळूक स्टोअरकडे दिली. तीन दिवस." पुढची जागा कोरी. मी दार लावून घेतलं, घरात दुसरं कोणी नसतानाही. तिने काही वाचलेलं नव्हतं. हे एक कार्ड फाडलं असतं तर बाकीची एकवीस डब्यातच राहिली असती आणि गोष्ट कायमची मिटली असती. खोटं नाही सांगत, मी ते दोन बोटांत धरून बराच वेळ बसलो होतो. पण ते तुमचं थरथरतं अक्षर होतं, काका. ते कसं फाडणार?

पुढच्या रविवारी बोरिवलीला गेलो. बासरी फडक्यात, कार्ड शर्टाच्या खिशात. तिने दार उघडलं, हातातल्या लांबलचक पुडक्याकडे बघितलं आणि तिथेच तिचा चेहरा बदलला. मी बसायच्या आधी कार्ड तिला दिलं. तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं आता ओरडेल. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी नव्हती हरवली."

"नाही गं. तू नव्हतीस हरवली."

"पिशवीचं तोंड बंद होतं?"

"ते मला माहीत नाही. पण बासरी त्यात नव्हतीच."

ती सोफ्यावर बसली आणि मोठ्याने रडली, आणि मग मात्र चिडली, जशी चिडायला हवी होती तशी. "अठरा वर्षं, दादा! माझ्या घरी मोदक खाल्लेत तुम्ही! मी तुमच्याच समोर रडायची ना, तेव्हा काय वाटायचं तुम्हाला?" मी म्हटलं, लाज वाटायची. "मग बोलला का नाहीत?" सॉरी म्हणालो. इतका पोकळ शब्द मी आयुष्यात उच्चारला नसेल. थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "वाजते का अजून?" मी होकारार्थी मान हलवली. "वाजवा मग." मी वाजवली. दोनदा फुंक फुटली. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "बाबांसारखी नाही वाजत." मग, "ठेवून जा. आता लगेच फोन करू नका. मी करीन." मी बासरी टेबलावर ठेवली, फडकंही ठेवलं, आणि निघालो. तिचा फोन अजून आलेला नाही. कधी येईल, येईल की नाही, मला माहीत नाही, आणि तिला घाई करायचा हक्क मला नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, नाहीतर कदाचित लिहिलंही नसतं. तिला दाखवावं असंही मनात आलं होतं, पण दाखवणार नाही, कारण शेवटी एक गोष्ट लिहायची आहे ती तिच्यासाठी नाही. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. बोरिवलीहून घरी येईपर्यंत मी वाट बघितली. काका, मला हलकं नाही वाटलं. मला फक्त बासरी परत हवी होती.