दावं न लावलेल्या गाई

अण्णा, तुमच्या गाई काल शहराबाहेर, हेब्बाळच्याही पलीकडच्या माळावर पोचल्या. सगळ्या सुखरूप आहेत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही न चिडता ऐकाल. तुमच्यामागे इतकी वर्षं काकांनी त्या आनेकलकडे सांभाळल्या. आता त्यांचे गुडघे गेलेत आणि कुरणाला चारी बाजूंनी घरांनी वेढलंय. ‘तुझ्या बापाच्या गाई, तूच बघ,’ म्हणून ते मोकळे झाले. मी फ्लॅटात राहणारी निवृत्त मास्तरीण, बाल्कनीतली तुळस जगवताना माझ्या नाकी नऊ येतात.

आम्ही शहरात चामराजपेटेत आणि तुम्ही कावलात, असंच माझं लहानपण गेलं. कावल म्हणजे राजाने फौजेच्या बैलांसाठी राखलेलं कुरण. आपले पूर्वज मराठ्यांच्या फौजेतल्या बैलांमागून इकडे आले आणि गवत बघून इथेच थांबले, असं तुम्ही सांगायचात. त्यात खरं किती आणि तुमच्या पदरचं किती, देव जाणे. फौजा गेल्या, राजे गेले, तुमची राखण काही संपली नाही. गवताचं बी गळेपर्यंत तुम्ही कुणाला विळा लावू द्यायचा नाहीत. आधी देवाचा वाटा जमिनीत पडू दे, म्हणायचात. ‘देवाला गवत कशाला, त्याला काय शिंगं आहेत?’ असं आई विचारायची, आणि तुम्ही तिच्याकडे न बघता हसायचात. संक्रांतीला मात्र आम्ही सगळे कावलात. पेंढा पेटवलाय, त्यावरून गाई लांब शिंगं मागे टाकून उड्या घेतायत. मी परकर सावरत एका पांढऱ्या कालवडीच्या गळ्यात दावं अडकवते, कुंकू लावेपर्यंत तिने उभं राहावं म्हणून. तुम्ही येता. आवाज चढवत नाही.

‘दावं काढ, पुट्टी.’

‘पूजा करायचीय अण्णा.’

‘मग स्वल्प लांबूनच हात जोड. तिला सरी वाटलं, पटलं, तर येईल जवळ.’

ती काही आली नाही. मी कुंकवाची वाटी घेऊन रडत बसले आणि तुम्ही मला गुळाचा खडा दिलात.

तर या गाई आता द्यायच्या कुणाला? आपल्या आळीतल्या देवळाचा कारभारी घरी आला, तुमच्या दोस्ताचा धाकटा मुलगा. भला माणूस आहे. ‘अक्का, अण्णांची केवढी श्रद्धा होती. गाई देवळात येऊ देत. फरशी आहे, पंखे आहेत, दोन्ही वेळची आरती कानावर पडेल.’ मी गोठा बघून आले. सगळं लखलखीत, आणि प्रत्येक गाईच्या खुंट्याला हातभर साखळी. काल गाई पोचल्या त्या माळावर एक बाई आहे, ती आपल्या गाईंच्याच जातीची गुरं मोकळी चारते. तिथे पक्ष्यांचा अभ्यास करणारी पोरं येतात. गुरं चरली तरच माळ माळ राहतो, नाहीतर झुडपं माजतात आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलाला जागा उरत नाही, असं ती म्हणतात. मला ते पटलं. पण तुम्ही पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारे. देवाच्या दारातून तुमच्या गाई मी परत फिरवल्या, तर तुम्हाला काय वाटेल, या विचाराने मी कितीतरी दिवस धड जेवले नाही.

काल ट्रकात नाइलाजाने दोर बांधावे लागले, तेवढं पोटात घाला. फळी उतरली, दोर सुटले. म्हातारी गाय पहिली उतरली, गवत हुंगलं, नाक फुरफुरवलं, आणि शेपटी उभारून जी पळाली, तिच्यामागे बाकीच्याही. मी ‘अगं, अगं’ करत चार पावलं धावले. ‘जाऊ द्या अक्का, संध्याकाळी येतील,’ बाई म्हणाली. गवत इतकं उंच की थोड्या वेळाने नुसती शिंगंच दिसत होती. मी तिथेच दगडावर बसले. इतकं हलकं मला तुम्ही गेल्यापासून वाटलं नव्हतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, तुम्हीच सांगा. राहील इथेच, टेबलाच्या खणात. एक तेवढं कानावर घालते. कारभाऱ्याला मी ना चंडोलाचं सांगितलं, ना साखळीचं. ‘अण्णा जाताना सांगून गेलेत, माझ्या गाई देवळात द्यायच्या नाहीत,’ असं ठोकून दिलं. त्याने तुमच्या फोटोला हात जोडले आणि तो चहा पिऊन गेला. जाताना तुम्ही गाईंचं नावसुद्धा काढलं नव्हतंत, अण्णा. मी जेवले का, एवढंच विचारलं होतंत.