हाकेला न आलेल्या पेशी

१४ एप्रिल
कुआन-तिंग आमच्या प्रयोगशाळेत आला! ठरलेलं लग्न मोडून महिना झाला नाही, आणि बाही वर करून माझ्यासमोर बसला. “निरोगी माणसाचं रक्त हवं ना तुम्हाला? नाव दिलं होतं मी.” दिलं होतंस. तेव्हा लग्न ठरत होतं.

मोडताना म्हणाला, “तुझ्याबरोबर कुठं जायचं म्हटलं तरी जिवावर येतं.” माझ्या वाढदिवसाला तर जेवता जेवता टेबलावरच झोपला होता.

सुई काढली तर केवढा काळानिळा डाग! मीच सुई वाकडी घातली असणार.

प्रयोगही फसला. खालच्या कप्प्यात ते प्रथिन, वर पांढऱ्या पेशी, मध्ये बारीक भोकांची जाळी. जखम झाली की शरीर हेच प्रथिन सोडून पेशींना हाक मारतं. आमचं जंतूंकडून बनवून घेतलेलं. पेशी सरसर खाली उतरायला हव्यात. त्याच्या पेशी जागच्या हलल्या नाहीत.

पेइ-शानताई वर्षानुवर्षं इथंच, तोंडाने फटकळ. “कुपी यंत्रात गरकन फिरवून, भुकटी तळाशी बसली की मग उघडायची, किती वेळा सांगू? भुकटी झाकणाला चिकटली आणि झाकण तू फेकलंस! लक्ष कुठं असतं तुझं?”

कुठं असतं ते तिला ठाऊक आहे.

१६ एप्रिल
घरी येऊन रडले. बस.

१७ एप्रिल
नवी कुपी. नीट फिरवली. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून, इथं सगळेच ठेवतात तसं, त्यावर खोबऱ्याच्या खाऊचं नवं हिरवं पुडकंही ठेवलं. त्याला पुन्हा बोलावलं — आला, धापा टाकत. जिना एकच मजल्याचा! जुना डाग तसाच. या खेपेला माझंही रक्त घेतलं.

माझ्या पेशी धावत सुटल्या. मेल्यांनो, कुणासाठी एवढ्या धावता?

त्याच्या हलल्या नाहीत. म्हणजे प्रथिन चांगलं होतं. त्याचं रक्तसुद्धा माझ्या हाकेला येत नाही — असं म्हणून हसले मी, ताईसमोर.

ताई हसली नाही. त्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसली.

“कच्च्या पेशी आहेत गं. भरमसाट. पिकायच्या आधीच रक्तात उतरल्यात.” मग हळूच, “रक्ताचा कर्करोग वाटतो. आपले प्रयोगशाळेचे सर डॉक्टरांशी बोलतायत. त्याला आधी तू फोन कर. परक्याकडून कळू नये.”

१८ एप्रिल
सकाळी केला. माशाची पेज समोर निवत होती. पहिल्याच घंटेला उचलला. “तू! वाटलंच होतं, तू करशील. मी चुकलो गं. येऊ का?”

ये म्हटलं. घरी नको — मोठ्या दवाखान्याच्या दारात ये. मी तिथं उभी असेन.