विहिरीच्या भोवती काय

राळेगाव,
६ नोव्हेंबर, दुपार

सुरभी वहिनींना नयनचा नमस्कार.

मी खुशाल. दादा, आई कसे आहेत ते विचारत नाही. सोनू कशी आहे? तीन महिन्यांची झाली ना? सकाळी फोन केलता, पण दादानं मधातच कापला, म्हणून कागद. चारच्या गाडीच्या भीमराज कंडक्टरजवळ देतो, तो तुमच्याच हातात देईल.

परवा नेरला होतो. कापसाच्या गाड्यांची रांग पार स्टँडापर्यंत. एका गाडीवाल्यानं विचारलं, "काहून रे, बाटल्या घेऊन फिरून राह्यला, देशी का मोहाची?" म्हटलं, विहिरीची. तो असा हसला का त्याचा बैल बिचकला. बैल मात्र देखणा होता, शिंगं अशी... राहू द्या. मी टाळून राह्यलो, मले समजते.

काम तुम्हाला माहीत आहे. कॉलेजच्या सरांसोबत गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासायला बाटल्यांत भरायचं. वहीत एक रकाना असतो: विहिरीच्या भोवती काय. तो माझ्याकडे, कारण शिकलेल्या पोरांना तूर कोणती अन् सोयाबीन कोणतं ते समजत नाही. मी दहावी नापास, पण तो रकाना भरता भरता मलेही उमजलं. पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीतल्या उकंडाबुवाची विहीर जंगलाला लागून, तिच्यात नायट्रेट नऊ. जिथं वरच्या अंगाला कापसाची पऱ्हाटी अन् युरिया, काठावर गोठा, उकिरडा, तिथं सत्तर, नव्वद, शंभर. पंचेचाळीसच्या वर पिऊ नये म्हणतात, तशा विहिरीवर लाल फुली मारतात. पाऊस वरचं सारं धुऊन खाली नेते, अन् उथळ विहीर पहिली त्याच्या वाटेत.

आपल्या विहिरीपुढं यादीत अकरा लिहिलं आहे. दादा कापूस वेचणाऱ्या बायांना छाती फुगवून सांगते, "पी मथुराबाई, मारोतरावाच्या विहिरीचं पाणी आहे."

ते अकरा आपल्या विहिरीचं नाही.

दसऱ्याच्या आधी दादा म्हणाला, "बाबाले जाऊन वर्ष नाही झालं, अन् त्याच्या विहिरीवर लाल फुली मारतं का तू? पोडावरून भर न एक बाटली." मी भरली. उकंडाबुवानं स्वतः दोर ओढला, वरून गुळाचा चहा पाजला. चिठ्ठी आपल्या विहिरीची मीच चिकटवली. रकान्यात मात्र खरं लिहिलं: वर कापूस, काठावर उकिरडा. सरांनी आकडा वाचला, रकाना वाचला, माझ्याकडं पाहिलं अन् यादीत अकरा लिहिलं.

दिवाळीत घरी आलो तर तुम्ही सोनूसाठी भुकटीचं दूध करत होत्या. म्हणाल्या, "भावजी, मी पाणी अर्धा घंटा उकळतो, जोखीम कायले?" सोनूचे ओठ जांभळट दिसले. आई म्हणाली, थंडीनं. मी तोंड उघडलं नाही. जाताना आपल्या विहिरीची बाटली भरून नेली, खरीखुरी. आज सकाळी आकडा आला. एकशे बत्तीस.

वहिनी, उकळल्यानं हे जात नाही. पाणी वाफ होऊन जाते, हे मागं राहते, अजून दाट होते. मोठ्यांचं निभून जाते, तान्ह्या लेकराचं रक्त मात्र हवा धरू शकत नाही. तुमची चूक नाही. माझी आहे.

दादाले सांगितलं तर म्हणते, "बाटली तूच भरली. आता कोणत्या तोंडानं बोलतं?"

ह्याच तोंडानं. दुसरं माझ्याजवळ नाही.

सोनूला त्या पाण्याचा एक थेंबही देऊ नका. तिला आजच दवाखान्यात न्या, डॉक्टरला एकशे बत्तीस सांगा, ओठांचं सांगा. दादा नाही म्हणाला तर त्याच गाडीनं परत निघा, मी स्टँडावर उभा आहो. पुढं पाणी पोडावरून आणायचं. उकंडाबुवा देतो म्हणाला. दादाला कोलामाच्या दारात कॅन घेऊन उभं राहावं लागेल. राहू द्या. मथुराबाईलाही सांगा, पिऊ नको म्हणावं.

उद्या सकाळी लाल रंगाचा डबा घेऊन येतो. फुली मीच मारणार, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. दादानं पुसली तर पुन्हा मारीन. त्याला म्हणावं, उकिरडा हलवायला टोपलं तयार ठेव, मी सोबत उचलतो. बाटली मी बदलली, असं सरांना लेखी दिलं आहे. कामावरून काढतील तर काढोत.

सरांना दिलेल्या कागदावर केली तीच सही इथं करतो, पूर्ण नावानं. बाबांचं नाव विहिरीला आहे तसं मलेही आहे.

नयन मारोतराव भोयर